बोरघाटाचा चढ आणि चाकाची पकड

सोलापूरला आगगाडी आली १८६० च्या जून महिन्यात. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धावली, त्याला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. परंतु सोलापूरच्या स्टेशनात गाडीत बसून थेट मुंबईस जाऊन उतरावे असे कोणी म्हटले असते, तर ते शक्य नव्हते. गाडी पुण्यावरून खंडाळ्यापर्यंत जाई आणि तेथे रूळ संपत. मुंबईकडून आलेले रूळ खाली खोपोलीला थांबलेले होते. मधला बोरघाट पालखीत, तट्टावर, बैलगाडीत किंवा पायी ओलांडावा लागे. कापसाच्या गठ्ठ्यांचीही तीच गत होती. इतकेच काय, घाटमाथ्यावर धावणारी इंजिने आणि डबेसुद्धा १८३० साली बांधलेल्या घाटातील गाडीरस्त्याने वर न्यावे लागले होते. ही तुटलेली साखळी २१ एप्रिल १८६३ रोजी जोडली गेली आणि सोलापूर मुंबईला खऱ्या अर्थाने जोडले गेले.

खंडाळा ते सोलापूर हे सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतर. तो मार्ग आधी पुरा झाला, आणि पंचवीस किलोमीटरच्या घाटाने मात्र १८५६ ते १८६३ अशी सात वर्षे घेतली. कठीण खडक, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, पावसाळा आणि पटकीची साथ ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याआधीचा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे सरळ अंतर थोडके. मग रूळ एवढे वळसे घेत, डोंगर पोखरत पंचवीस किलोमीटर का न्यावे लागले? थोडा अधिक चढ घेऊन मार्ग आखडता का आला नाही? याचे उत्तर चाक आणि रूळ जेथे एकमेकांना टेकतात त्या नखाएवढ्या जागेत आहे. आठवी-नववीच्या वर्गात आपण घर्षण शिकवतो, तेव्हा ही नखाएवढी जागा विद्यार्थ्यांना दाखवता आली तर घर्षणाचा अर्धा धडा तेथेच शिकवून होतो.

गुळगुळीत चाक चालेल का?

आगगाडीच्या जन्मापूर्वी विद्वानांना एक शंका होती. लोखंडाचा गुळगुळीत रूळ आणि त्यावर लोखंडाचे गुळगुळीत चाक. इंजिनाने चाक फिरवले तर ते जागच्या जागी गरगर फिरत राहील, गाडी पुढे सरकणार नाही. १८०४ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकने वेल्समध्ये गुळगुळीत चाकांच्या इंजिनाने दहा टन लोखंड ओढून दाखवले होते, तरी शंका फिटली नाही. जॉन ब्लेंकिन्सॉपने १८११ मध्ये दात्यांच्या चाकाचे पेटंट घेतले. त्याच्या रुळाच्या कडेला दाते होते आणि इंजिनाचे दातेरी चाक त्यांत अडकून पुढे सरके. विल्यम ब्रंटनने तर १८१३ मध्ये मागून पायांनी जमीन रेटीत चालणारे इंजिन तयार केले!

या वादाचा निकाल तर्काने लागला नाही, तो प्रयोगाने लागला. त्याच १८१३ च्या सुमारास विल्यम हेडलीने वायलमच्या कोळसा खाणीत एक साधी चारचाकी गाडी घेतली. गाडीवर माणसे उभी करून त्यांच्याकडून हातांनी चाके फिरवली. मागे कोळशाचे डबे जोडत गेला आणि चाके जागच्या जागी घसरू लागली की गाडीवर वजन वाढवत गेला. वजन वाढले की चाकांची पकड वाढे आणि अधिक डबे ओढता येत. दात्यांची गरज नव्हती. चाकांवर पुरेसा भार हवा होता.

हेडलीला जे व्यवहारात सापडले, ते नियमाच्या रूपात त्यापूर्वीच सांगितले गेले होते. १६९९ मध्ये फ्रान्समधील गिलोम ॲमोन्टन्सने घर्षणाचे दोन नियम मांडले: घर्षण भाराच्या प्रमाणात असते, आणि टेकलेल्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते. हेच नियम लिओनार्दो दा व्हिंचीने आपल्या वह्यांत दोनशे वर्षे आधी लिहून ठेवले होते, पण त्या वह्या कोणी वाचल्या नव्हत्या. पुढे कूलोमने (विद्युतभाराच्या नियमाचा तोच हा कूलोम) अनेक प्रयोग करून १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळवले. वस्तू हलू लागण्यापूर्वीचे स्थितिक घर्षण आणि घसरत असतानाचे गतिक घर्षण यांतला फरक त्याच्या कामातून पक्का झाला. स्थितिक घर्षण मोठे, गतिक घर्षण लहान. हा फरक घाटात जिवाशी येतो, हे पुढे दिसेलच.

येथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. चाक फिरते आहे, गाडी धावते आहे, मग रुळाशी होणारे घर्षण 'गतिक' नाही काय? नीट विचार केला तर नाही. चाक न घसरता घरंगळते, तेव्हा त्याचा रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो. पाऊल टाकताना आपला तळवा जसा जमिनीवर क्षणभर थांबतो, तसाच. त्यामुळे इंजिनाला पुढे नेणारे घर्षण स्थितिक घर्षणाच्या जातीचे असते. चाक घसरू लागले की ते गतिक होते आणि पकड एकदम घटते. रेल्वेचे लोक या घर्षणाला नुसती 'पकड' म्हणत असतील तर तो शब्द अगदी नेमका आहे.

सदतीसास एक

आता बोरघाटाकडे वळू. 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे'चा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्यापुढे चढाचा प्रश्न होता. अवघड चढावर वर एक स्थिर इंजिन ठेवायचे आणि दोराने गाड्या ओढून घ्यायच्या, ही रीत त्या काळी युरोपात रूढ होती. पण १८५४ मध्ये ऑस्ट्रियात सेमरिंगचा डोंगरी मार्ग सुरू झाला आणि चाळीसास एक अशा चढावर नुसत्या चाकांच्या पकडीवर इंजिन गाडी नेऊ शकते, हे सिद्ध झाले. बोरघाटाचे काम दोनच वर्षांनी सुरू झाले. त्यात सर्वांत तीव्र चढ ठेवला सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. कोनात सांगायचे तर फक्त दीड अंश. वर्गातील बाकाखाली एका बाजूस पातळ वही सरकवली तर एवढाच उतार होईल. एवढ्याशा चढाचे काय मोठे, असे वाटेल. म्हणून थोडा हिशेब करू.

सपाट रुळावर त्या काळच्या गाडीला दर टन वजनामागे सुमारे ५ किलोग्रॅम भाराइतका जोर लावला की ती चालत राही. कच्च्या रस्त्यावरील बैलगाडीला याच्या कितीतरी पट जोर लागतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर अतिशय सहज घरंगळते, हेच आगगाडीच्या स्वस्ताईचे रहस्य. सोलापूरचा कापूस भीमेच्या खोऱ्यातील सपाटीवरून खंडाळ्यापर्यंत इतक्या सुखाने येई तो यामुळेच.

सदतीसास एक चढ आला की दर टनामागे गुरुत्वाकर्षणाचा ओढा होतो १००० भागिले ३७, म्हणजे २७ किलोग्रॅम. त्यात आधीचे ५ मिळवा, झाले ३२. सपाटीच्या सहापटीहून अधिक!

आता इंजिनाची पकड पाहू. चालकचाकांवर ४० टन भार आहे असे धरू. कोरड्या, स्वच्छ रुळावर घर्षणांक ०.२५ च्या आसपास असतो. आपण सावधपणे ०.२ घेऊ. तर इंजिन जास्तीत जास्त ८ टन, म्हणजे ८००० किलोग्रॅम जोर लावू शकेल. सपाटीवर ५ ने भागले तर १६०० टनांची गाडी. घाटात ३२ ने भागले तर २५० टनांची, आणि यात इंजिनाचे स्वतःचे वजनही आले. पावसाची रिमझिम सुरू झाली, रुळावरची धूळ आणि तेल भिजून चिकट राळा झाला की घर्षणांक ०.१ वर येतो. मग उरले १२५ टन. (धो धो पाऊस परवडला, तो रूळ धुऊन टाकतो. रिमझिम वाईट.)

या हिशेबात इंजिनाच्या बाष्पकाची ताकद कोठेही आलेली नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. इंजिन कितीही जोरदार करा. चाकाची पकड सुटली की तो जोर चाक गरगर फिरवण्यात वाया जातो. चढ सदतीसास एकऐवजी वीसास एक ठेवला असता तर मार्ग जवळजवळ निम्मा झाला असता, पण वर नेता येणारे वजनही निम्म्याच्या आसपास आले असते. म्हणून १८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर उंची चढण्यासाठी साडेपंचवीस किलोमीटरचा वळसा घ्यावा लागला. घर्षणांकाने डोंगरावर आखलेली ही रेषा आहे.

या रेषेची किंमत मजुरांनी मोजली. १८६१ मध्ये चाळीस हजारांहून अधिक माणसे घाटात राबत होती. पटकी आणि तापाने त्यांतील हजारो दगावली. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. पहिल्या कंत्राटदाराने काम अर्ध्यावर सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इंग्लंडहून येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेले. बर्कलीही १८६२ मध्ये वारला. घाटातून वर जाणारी गाडी त्याने पाहिली नाही.

घाटात पकड वाढवण्याचे तीन उपाय होते आणि तिन्ही जगभर वापरले गेले. पहिला उपाय, पाण्याची टाकी वेगळ्या डब्यात न ठेवता इंजिनावरच बसवायची, म्हणजे पाण्याचे वजन चालकचाकांवर येते. दुसरा उपाय वाळूचा. चाकापुढे रुळावर कोरडी वाळू सोडली की निसरडा रूळ पकड देऊ लागतो. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये वाळू वाफेच्या झोताने नेमकी चाकाखाली फेकण्याची युक्ती निघाली. आजच्या विजेच्या इंजिनांतही वाळूच्या पेट्या असतात. तिसरा उपाय म्हणजे मागून ढकलणारे जादा इंजिन, ज्याला 'बँकर' म्हणतात. कर्जतला गाडी थांबते, मागे इंजिने लागतात आणि लोणावळ्याला सुटतात, हे सोलापूरच्या प्रवाशांच्या पिढ्यांनी पाहिले आहे. ही इंजिने मागेच का? पुढे जोडली असती तर सगळ्या गाडीचा ओढा पहिल्या डब्याच्या सांध्यावर आला असता. शिवाय सांधा तुटलाच तर मागे घरंगळणाऱ्या डब्यांना आवरायला खाली कोणी तरी हवे.

चढण्यापेक्षा उतरणे कठीण

चढताना पकड सुटली तर गाडी थांबते. उतरताना सुटली तर ती थांबत नाही.

मूळच्या मार्गात खंडाळ्याच्या खाली एक 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. डोंगराच्या टोकावर वळण घ्यायला जागा नसल्याने गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा मार्ग धरी. १८६९ च्या जानेवारीत घाट उतरणारी एक गाडी तेथे थांबलीच नाही. ती रुळांच्या टोकापलीकडे गेली आणि माणसे दगावली.

त्या काळी सगळ्या डब्यांना एकत्र लागणारे ब्रेक नव्हते. इंजिनाला आणि काही ठरावीक डब्यांना हाताने फिरवून आवळायचे ब्रेक असत. गाडीच्या एकूण वजनाचा चौथा हिस्साच ब्रेकच्या चाकांवर आहे असे धरा. उतारावर दर टनामागे २७ किलोग्रॅम ओढा, त्यातून ५ वजा जाता २२ उरतात. हा सगळा भार चौथ्या हिश्श्याने पेलायचा, म्हणजे त्या चाकांना ०.०९ घर्षणांक हवा. तोही गाडी थांबवण्यासाठी नव्हे, वेग वाढू न देण्यापुरता. भिजलेल्या रुळावर ०.१ मिळतो असे आपण वर पाहिले. हाती उरते ते किती थोडे!

येथे कूलोमचा फरक आडवा येतो. घाबरून ब्रेक फार आवळला तर चाक फिरायचे थांबते आणि रुळावरून घसरत जाते. पाहणाऱ्याला वाटते, चाक जाम झाले म्हणजे ब्रेक उत्तम लागला. वस्तुतः स्थितिक घर्षणाची जागा गतिक घर्षणाने घेतलेली असते आणि गाडी रोखणारा जोर घटलेला असतो. हे मोजून दाखवले कॅप्टन डग्लस गाल्टन याने, वेस्टिंगहाऊसच्या साहाय्याने, १८७८-७९ मध्ये इंग्लंडच्या ब्रायटन मार्गावर. वेग जितका जास्त तितके ब्रेकच्या ठोकळ्याचे चाकावरील घर्षण कमी, हेही त्याच प्रयोगांत दिसले. म्हणजे गाडी एकदा सुटली की तिला आवरणे दर क्षणाला अवघड होत जाते. बोरघाटातील अपघात या प्रयोगांच्या नऊ वर्षे आधीचा आहे.

घर्षणाचा भरवसा नाही म्हटल्यावर अभियंत्यांनी गुरुत्वाकर्षणालाच कामाला लावले. घाटात ठिकठिकाणी 'कॅच सायडिंग' आहेत: मुख्य मार्गातून फुटून डोंगरावर चढत जाणारा रुळांचा फाटा. सांधा नेहमी या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी त्यापूर्वी थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे हे सिद्ध झाले, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे बदलतात. गाडी सुटलेली असेल तर ती आपोआप फाट्यावर चढते आणि वेग गमावून बसते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी किती उंच चढेल? वेगाचा वर्ग भागिले दोन जी, म्हणजे सुमारे १४ मीटर. वजन कितीही असो. गतिज ऊर्जेचे स्थितिज ऊर्जेत रूपांतर शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

रूळ बर्फाचे असते तर?

रूळ निसरडा म्हणजे किती निसरडा, याची कल्पना यावी म्हणून सर्वांत निसरड्या परिचित वस्तूशी, बर्फाशी तुलना करू. वितळण्याच्या बेतात असलेल्या बर्फावर पोलाद घसरताना घर्षणांक साधारण ०.०२ ते ०.०५ असतो. आणि १ भागिले ३७ म्हणजे ०.०२७! बोरघाटाचे रूळ अशा बर्फाचे असते आणि गाडीची सगळीच्या सगळी चाके जाम केली असती, तरी ती उभी राहील की खाली घसरेल हे सांगता आले नसते.

पण बर्फ निसरडा का? १८४९ मध्ये जेम्स थॉमसनने दाखवले की दाबाने बर्फाचा द्रवणांक खाली येतो. त्यावरून १८८६ मध्ये जॉन जोलीने सुचवले की स्केटच्या पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो व पाण्याच्या थरावरून माणूस घसरतो. हे स्पष्टीकरण अजूनही पुस्तकांत भेटते. परंतु द्रवणांक एका अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरण दाब लागतो. साठ किलोच्या माणसाचा भार पात्याच्या तीन चौरस सेंटिमीटरवर पडला तर दाब होतो वीस वातावरण. द्रवणांक उतरतो अंशाचा सातवा हिस्सा. उणे दहा अंशांच्या बर्फावर मग स्केटिंग कसे होते? १९३९ मध्ये बोडन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधील प्रयोगांवरून दुसरे उत्तर दिले: घर्षणातून निर्माण होणारी उष्णताच बर्फाचा पातळ थर वितळवते. उष्णता चटकन वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीला त्यांना जास्त घर्षण आढळले, ते यामुळेच. बर्फाच्या अगदी वरच्या थरातील रेणू गोठणबिंदूच्या खालीही सैल असतात, ही फॅरेडेने १८५० मध्ये बोलून दाखवलेली कल्पनाही आज मान्य झाली आहे.

यातून एक निष्कर्ष निघतो: फार थंडीत, किंवा फार सावकाश घसरताना, बर्फ निसरडा राहू नये. तसेच घडते. १९११ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावर स्कॉटच्या मोहिमेतील माणसे कडाक्याच्या थंडीत घसरगाड्या ओढीत होती, तेव्हा त्यांना त्या वाळूतून ओढल्यासारख्या जड गेल्या. समुद्रावरील बर्फाचे प्रचंड तुकडे वाऱ्याने एकमेकांना घासत सावकाश सरकतात, तेव्हा बर्फावर बर्फाचा घर्षणांक ०.५ च्या आसपासही जाऊ शकतो. म्हणजे कोरड्या रुळावरील चाकाहून अधिक! ते अडकतात, ताण साठतो, मग एकदम सुटून सरकतात. या अडकण्या-सुटण्यावर समुद्रातील बर्फ कसा वाहील, कोठे दाटेल, जहाजाला वाट मिळेल की नाही हे ठरते. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेली पहिली भारतीय मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली, ती असाच बर्फाचा पट्टा ओलांडून. बर्फात जाणाऱ्या जहाजांच्या अंगाला घर्षण कमी करणारा खास रंग देतात, कारण बर्फ फोडण्याइतकीच शक्ती तो बाजूंना घासण्यातही खर्च होते. 'बर्फ म्हणजे निसरडा' हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. तापमान आणि वेग सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. रुळाचेही तसेच. घर्षणांक हा पदार्थाचा जन्मजात गुण नसतो. तो त्या वेळच्या दोन पृष्ठांचा असतो.

भार वाटून घेणे

हेडलीने सांगितले, चाकांवर भार हवा. पण भार वाढवला तर रूळ आणि पूल तो सोसतील का? या पेचावर सोलापूर जिल्ह्यातच एक सुरेख उत्तर सापडले. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुंदीची 'बार्शी लाइट रेल्वे' सुरू केली. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार द्यायचा नाही, असा त्याचा नियम. रूळ हलके, मार्ग स्वस्त. मग इंजिनाला पकड कशी मिळणार? त्याने एकमेकांस जोडलेल्या आठ लहान चालकचाकांची इंजिने घेतली. चार आस, प्रत्येकी पाच टन. पकडीला वीस टन मिळाले आणि रुळावर कोठेही जड पाऊल पडले नाही. पंढरीच्या वारकऱ्यांनी पुढे अनेक दशके या छोट्या गाडीतून प्रवास केला.

बोरघाटात १९२९ मध्ये विजेची इंजिने आली आणि त्याच सुमारास नवे बोगदे काढून रिव्हर्सिंग स्टेशन बंद झाले. वाफेचे इंजिन दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त जोर लावते. कमाल जोराच्या क्षणी चाक निसटते. विजेच्या मोटरीचा जोर एकसारखा, त्यामुळे उपलब्ध पकड पुरेपूर वापरता येते. शिवाय उतरताना मोटरच जनित्र बनते आणि गाडीची ऊर्जा विजेच्या रूपाने तारेत परत जाते. ब्रेकच्या ठोकळ्यांवरचा भार हलका होतो.

तरीही जादा इंजिने राहिलीच. हिशेब असा: १२०० टनांची गाडी आणि १२३ टनांचे इंजिन. आज घाटात दर टनास एकूण ३० किलोग्रॅम धरले तर जोर हवा सुमारे ४० टन. १२३ टनांच्या इंजिनाला त्यासाठी ०.३२ घर्षणांक लागेल. हे अगदी कोरड्या रुळावरही काठावरचे. मागे आणखी दोन इंजिने लावली की एकूण वजन वाढूनही लागणारा घर्षणांक ०.१३ वर येतो आणि पावसातही गाडी चढते.

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई–सोलापूर 'वंदे भारत' गाडी सुरू झाली आणि ती बँकरशिवाय बोरघाट चढली. यात जादू नाही. या गाडीला वेगळे इंजिन नसते. मोटरी डब्यांखाली वाटलेल्या असतात आणि निम्मे आस चालक असतात. म्हणजे गाडीचे निम्मे वजन पकडीला मिळते. दर टनास ३० किलोग्रॅम, ते निम्म्या वजनावर. घर्षणांक हवा फक्त ०.०६. ओल्या रुळावरही एवढा मिळतो. वायलमची ती माणसांनी चालवलेली गाडी, बार्शीची आठ चाके आणि सोलापूरची ही नवी गाडी एकाच सूत्रावर चालतात. सदतीसास एक हा चढ मात्र १८६३ मध्ये होता तोच आहे.

वर्गात करण्याजोगे

एक फळी घ्या, तिच्यावर खोडरबर, पेटीचे झाकण, ओले केलेले झाकण अशा वस्तू ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. वस्तू सरकू लागेल तेव्हा उचललेल्या टोकाची उंची भागिले त्याखालील आडवे अंतर, हाच घर्षणांक. तीच फळी सदतीसास एक उतारावर ठेवा आणि काय काय सरकते ते पाहा. चाकांची खेळण्यातील गाडी लगेच धावेल. तिची चाके दोऱ्याने बांधली की थांबेल.

दुसरा प्रयोग सोलापूरच्या कोणत्याही घरात होईल. सुती दोऱ्याचा तुकडा घेऊन तो तोडण्याचा प्रयत्न करा. मग त्याचा पीळ उलगडा आणि पुन्हा ओढा; तंतू अलगद निसटून येतात. तंतू चिकटवलेले नसतात. पीळ त्यांना एकमेकांवर दाबतो आणि घर्षण त्यांना धरून ठेवते. १८७७ पासून येथील गिरण्यांत निघालेले सारे सूत भार आणि घर्षण यांच्या याच प्रमाणावर टिकले.

आणि स्टेशनवर सहल नेलीत तर रुळाच्या कडेचे चढ दाखवणारे खांब मुलांना वाचायला लावा. नव्या स्टेशनाच्या आवारात चारशेस एक याहून अधिक उतार सहसा ठेवू देत नाहीत. का, ते मुलांनाच काढू द्या. एवढेच सांगा की आजचे डबे बेअरिंगवर इतके सहज घरंगळतात की दर टनास दोन-अडीच किलोग्रॅम जोर त्यांना पुरतो. आणि १००० भागिले ४०० किती, ते फळ्यावर लिहा.